सब ठीक

भोपाळहून लायसन्स आलं तेव्हा
गणवेशाचे चाळीस जोड शिवून तयार होते
आणि माणसं अकरा.
उरलेले जोड दिवाणाखाली गेले,
डांबराच्या गोळ्यांसकट.

नावावर घरात आठवडाभर खल.
दीर म्हणाले, शौर्य. नाहीतर गरुड.
मी म्हटलं, आडनाव आहे ना :
खासगीवाले सिक्युरिटी.
आमच्यातल्या कुणी कधीकाळी सरदारांच्या खासगीचे हिशेब लिहिले,
आता खासगीत पहारा देऊ.
दौलतगंजच्या पेंटरनं रि दीर्घ काढली,
मी पन्नास रुपये कापले.

नऊ वर्षं दुसऱ्याच्या एजन्सीत पगारपत्रकं केली.
गणवेशाचे कापतात, काठीचे कापतात,
शिट्टी हरवली तर शिट्टीचेसुद्धा.
ठरवलं होतं, आपण शिट्टीचे कापायचे नाहीत.

भिंडचे दोघे आपापली दोनाली घेऊन आले.
'चलाई है कभी?'
'शादियों में, भाभीजी.'
त्यांना सराफ्यात लावलं.
रामसेवक भदौरियाकडे बंदूक नव्हती,
त्याला मुरारपलीकडचं कोल्ड स्टोरेज दिलं.
बटाटे दिवाळीआधीच गेलेले, वास तेवढा मागे.
'अंदर है क्या?'
काही नाही.
'तो रखवाली किसकी?'
कुलपाची, मी म्हटलं. ते नवं आहे.

जानेवारी. धुकं असं
की स्कूटीचा उजेड माझ्याच तोंडावर परत येत होता.
तीनला पोचले.
खुर्ची होती, खुर्चीवर टोपी,
काठी होती, विझत आलेली शेकोटी.
रामसेवक नव्हता.
रजिस्टर उघडलं :
बारा बजे, सब ठीक.
एक बजे, सब ठीक.
दोन, तीन,
चार, पाच, सहा,
शाळेतल्यासारखं गोल अक्षर,
सकाळपर्यंतच्या सह्या करून ठेवलेल्या.

आधी हसू आलं.
मग शिव्या, त्याही हिंदीत.
मग आठवलं, पहिलं बिल अजून निघायचंय.

स्कूटी भिंतीला लावली.
काठी घेतली, कान गारठले म्हणून टोपीही,
आणि चारला फाटकापासून मागच्या पत्र्यांपर्यंत
एक फेरी मारली.
पाचला दुसरी.
एक कुत्रं. एक दुधाचा टेंपो.
लिहिल्याबरहुकूम सगळं ठीक होतं.

सहाला पाच कमी असताना
धुक्यातून एक सायकल निघाली.
मला पाहून तो उतरला, टाचा जुळवल्या,
सलामासाठी हात वर नेला
आणि डोकं चाचपत राहिला.