वाजवून घेताना

बर्स्लेमच्या चढावर, बंद पडलेल्या बँकेच्या जागी
हॉस्पिसचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे.
मंगळवारी नवा माल येतो. नवा, म्हणजे मेलेल्यांचा.
दहाला पाच कमी असताना मी दाराशी असते.
माझ्या आधी ते दोघे दाढीवाले, फोनवर भाव बघणारे.
पुढची खोकी मी त्यांना चाळू देते.
माझं खोकं टेबलाखाली, जिगसॉच्या डब्यांमागे,
गुडघे टेकल्याशिवाय न दिसणारं.

गुडघे दुखतात.
याच गुडघ्यांवर मी पाठीमागे झोकून द्यायची
आणि हात न टेकता उभी राहायची,
पहाटे चारला, टाल्कम पावडर टाकलेल्या फरशीवर.

एकतीस वर्षं बशा तपासल्या.
भट्टीतून आलेली बशी बोटांच्या पेरांवर तोलायची
आणि नखानं टिचकी.
टणकन वाजली तर लंडनला,
बद्द वाजली तर दुय्यम मालात.
आठवडाभर चिनी माती ऐकायची,
शनिवारी रात्रभर डेट्रॉइट.

तबकडी मी अजून बशीसारखीच धरते,
कडेकडेनं, तळवा लागू न देता, उजेडात तिरकी.
केसाएवढा ओरखडा चालतो.
नखाला अडणारा नाही.
वाकलेली चालते, एखादीच, गाणं तेवढं असेल तर.
माणसांना एवढी सूट दिली नाही कधी.

ऑक्टोबरात सापडली.
नाताळच्या समूहगीतांच्या पाकिटात,
चुकीच्या घरात झोपी गेलेली,
सात इंची, मधलं भोक मोठं, म्हणजे तिकडून आलेली,
लेबलवर जांभळा शिक्का: विक्रीसाठी नाही.
गाणारी मुलगी म्हणे एकदाच स्टुडिओत गेली
आणि मग पोस्टात नोकरीला लागली.
डोरीन आणि मी हे गाणं एकदाच ऐकलं होतं,
चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात.
डीजेनं लेबलवर कागद चिकटवला होता,
नाव कुणाला कळू नये म्हणून.
नाव कळायला आम्हाला अकरा वर्षं लागली.

मी चेहरा मातीचा केला.
एक दाढी माझ्याकडे वळत होती.
बाजारात सहाशे पौंड, सहज.
चिठ्ठीवर पन्नास पेन्स.

गल्ल्यावर मिस्टर पॉइझर, कानात यंत्र.
त्यांची बायको याच हॉस्पिसमध्ये गेली,
तेव्हापासून मंगळवार त्यांचा.
"नाताळची गाणी का, डक? छान छान."
(इकडे सगळेच एकमेकांना बदक म्हणतात, मायेनं.
पोस्टमनला, नर्सला, पावती फाडणाऱ्या पोलिसालासुद्धा.)
मी हो म्हटलं.
एवढंच. एक हो.
पन्नासाचं सात कोनी नाणं काउंटरवर टाकलं,
ते बद्द वाजलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी खालून पिशवी काढली.
"तुझ्यासाठी बाजूला ठेवल्यात."
चर्चमधली पोरं. खाणकामगारांचा ब्रास बँड. परत चर्चमधली पोरं.
सगळ्या घेतल्या. काय करणार?
तेव्हापासून दर मंगळवारी घेते.
वीसची नोट देऊन सुटे राहू दे म्हणते,
ते मोजून परत देतात, नाण्यावर नाणं रचत,
हिशेब म्हणजे हिशेब.
घरात आता त्रेचाळीस नाताळ झालेत.
बारा इंची डिस्को जिन्याखाली गेली,
इस्त्रीच्या टेबलाशेजारी.

आणि ती? वाजवली तर.
डोरीनला स्पेनमध्ये फोन लावला,
स्पीकरसमोर धरला, अडीच मिनिटं.
संपल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, "आपण एवढ्या संथ गाण्यावर नाचायचो?"

काल मिस्टर पॉइझरांनी पिशवी पुढे सरकवली,
आणि हात तसाच तिच्यावर ठेवून विचारलं,
"वाजतात ना गं नीट? मला काही ऐकून बघता येत नाही."
"वाजतात," मी म्हटलं.
त्यांनी कानातलं यंत्र जरासं फिरवलं.
"काय म्हणालीस?"