उंबरठ्याची उंची

भुसावळचं मंगल कार्यालय, जानेवारीतला रविवार.
माझ्या पदराला टाचणीने लावलेला एकशे बारा.
माईकवर वराडे सर:
"पुढील उपवर, क्रमांक एकसष्ट, सावदा,
केळी पिकवण्याची स्वतःची दोन चेंबर,
अपेक्षा, अनुरूप."

अपेक्षा सगळ्यांचीच अनुरूप.
मी फैजपूरला पोरांना संख्याशास्त्र शिकवते,
त्यामुळे मला हा शब्द आकड्यात दिसतो.
प्रत्येकाच्या खिशात एक उंबरठा असतो,
घडीचा, सुताराच्या पट्टीसारखा.
सकाळी दहाला तो छातीपर्यंत येतो,
पंगत उठेस्तोवर गुडघ्याला,
आणि पाचला, मांडववाले खुर्च्यांत खुर्च्या घालू लागले
की जमिनीलगत.
लग्नानंतरचं माप सोपं, तांदळाचं असतं,
अंगठ्याने कलंडतं.
हे आधीचं, दोघांनी एकाच वेळी ओलांडायचं.
एवढंच गणित.

रावेरच्या लिलावात घडाला विचारत नाहीत,
तुला हा व्यापारी चालेल का.
इथे घडही बोली लावतो
आणि व्यापारीही उलटा टांगलेला.
वर आपला भाव आपल्याला कुणी सांगत नाही,
तो नकारांवरून काढायचा.
मी काढलाय.
नाशिकचा इंजिनीयर, फोन करतो म्हणाला.
चोपड्याचा डॉक्टर, त्याच्या आईला माझी नोकरी आवडली,
उंची नाही.
भोसरीचे भारंबे, पत्रिका.
दर वेळी फळा पुसून
मी आकडा जरा खाली लिहिला.
हेही लिहून ठेवते, की नऊ नकार माझे आहेत.
त्या नऊ घरांत कुणीतरी
असाच फळा पुसला असेल.

त्यातला तिसरा, हा एकसष्ट.
चार वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून
त्याने पोहे खाल्ले, शेंगदाणे कडेला काढून.
शेंगदाणे काढणारा माणूस नको, मी म्हणाले.
खरं तर मला वाटलं होतं
पुढे अजून बरीच रांग आहे.
मॉडेलमध्ये मागे वळता येत नाही.
गेलेला माणूस गेला असं धरून चालतात,
नाहीतर समीकरण सुटत नाही.

आणि तो भरताच्या रांगेत माझ्यापुढे उभा.
बामणोदची वांगी, पऱ्हाटीवर भाजलेली,
कांद्याची पात, कळण्याची भाकरी.
वाढप्याने त्याच्या पत्रावळीवर भरीत ठेवलं,
शेंगदाण्यांसकट.
मी काही विचारलं नव्हतं.
"त्या दिवशी दाढ दुखत होती माझी,"
तो म्हणाला, आणि पाण्याकडे गेला.

म्हणजे कारण त्याच्यापर्यंत पोचलं होतं.
म्हणजे चार वर्षं हे उत्तर त्याच्या तोंडात होतं,
आणि माझ्या सगळ्या आकडेमोडीत
एक दाढ धरायची राहिली होती.

चारला चिठ्ठ्या. आवडलेले क्रमांक लिहायचे,
पेटी मंगळवारी उघडणार.
मी लिहिलं आणि त्याने नाही लिहिलं,
तर आधी वराडे सरांना कळेल, मग वराडे बाईंना,
मग फैजपूरला.
चार चौकोन मी फळ्यावर शंभरदा काढलेत,
तिनांत दोघंही आपापल्या घरी जेवतात.
तरी पोरांना वाटतं चौथा सोपा आहे.
मी पेन्सिलीने लिहिलं. सवय.
काय लिहिलं ते पेटीत आहे.

सावद्याची बस. तो दोन बाकं पुढे.
तापीच्या पुलावर सगळे खिडकीकडे बघतात,
तो समोर बघत होता, मानेवर
न्हाव्याने आज सकाळी सोडलेला एक केस.
मागे वळणं म्हणजे उत्तर देणं,
हे त्यालाही येत असावं, न शिकता.
बामणोद गेलं. कुणी वळलं नाही.

कंडक्टर फैजपूर ओरडला.
त्याची पिशवी मधल्या वाटेत आडवी होती.
ती ओढून घ्यायला त्याने हात घातला,
तोवर मी पाय उचलला होता.