रकाना

सोहारच्या इस्पितळात, कॅज्युअल्टीच्या खिडकीपाशी
फॉर्मवर एक रकाना होता: नातेवाइकाचा व्यवसाय.
मी लिहिलं, गृहिणी.
पेन दोरीला बांधलेलं,
अक्षर मात्र माझंच, वीस वर्षं चार्टवर लिहून
बारीक झालेलं.

मस्कतला माझ्याच वॉर्डात एकदा एक बाई म्हणाली,
"मीसुद्धा नर्स आहे,"
आणि माझ्या हातातली सुई जड झाली.
पुढे मी तिला काहीच समजावलं नाही.
तिला माहीत असणार, म्हणून.
खाटेवर तिचा बाप होता,
आणि ती दोन दिवस
नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

शमुवेल बंदरावर क्रेन चालवतो.
बुधवारी म्हणाला, पोटात दुखतंय.
मी म्हटलं गॅस असेल, ओवा खा.
वॉर्डात कुणाला म्हटलं असतं का मी, ओवा खा?
शुक्रवारी अपेंडिक्स फुटलं.

रात्री दोन वाजता गृहिणी काय करते?
नवऱ्याचा हात धरते.
मी धरला, तर बोटं आपोआप मनगटावर सरकली.
एकशे अठरा.
प्रार्थनेला डोळे मिटले,
तर कान त्याचे श्वास मोजत बसले.
पिशवीतली लघवी कोऱ्या चहासारखी, तासाला वीस,
आणि वीस म्हणजे काय ते मला कळत होतं.
प्रभू, आजच्या रात्रीपुरतं
एवढं विसरायला दे.

ड्युटीवर बदरिया. बलुची, म्हणून हिंदी येते.
डोक्याला काळा रुमाल घट्ट, खिशात तीन पेनं.
दर वेळी बाटली बदलताना थांबते,
मला सांगते, सावकाश, पोराला सांगावं तसं:
हे औषध जंतू मारतं.
ही नळी पोटातली घाण बाहेर काढते, भिऊ नकोस.
मी म्हणते, अच्छा.
उगीच नाही, मनापासून म्हणते.
हीच वाक्यं मी किती जणांना दिली असतील;
माझ्याकडे कुणाची आली नव्हती.

पहाटे कधीतरी डोळा लागला माझा.
पंप ओरडायला लागला तशी उठले,
क्लॅम्प लावला, टिचकी मारून
नळीतला बुडबुडा वर घालवला,
क्लॅम्प सोडला, बटण दाबलं,
वळले, तर दारात बदरिया.

"फॉर्मवर गृहिणी आहे," ती म्हणाली.
मी पदराशी चाळा करत राहिले.
तिने स्टूल ओढलं.
"पहिल्या रात्रीच कळलं, मार्था.
त्याची चादर नीट करताना
तू गादीखाली कोपरे दुमडलेस."
मिरजेला शिकलेले कोपरे. मेट्रन पट्टी लावून बघायची.

"मग इतकं समजावत का बसलीस मला?"
"तू विचारत होतीस ना."
मी तर काहीच विचारलं नव्हतं.

ती उठली, पिशवी उजेडाकडे धरली,
आणि आकडा तोंडाने न बोलता
माझ्याकडे वळवला.
पस्तीस.

बाहेर अजान सुरू झाली.
ती दोन घटका थांबेल असं दिसत होतं.
तेव्हा मी तिला
बुधवारच्या ओव्याचं सांगितलं.