तीन मिनिटं

बार्टनच्या शाळेचं जिम. बास्केटबॉलच्या रेघांवर
घडीच्या खुर्च्या. दाराशी नाव लिहिलं: सतरावी.
माणशी तीन मिनिटं.

हार्लन प्रूएटच्या अकरा मधपेट्या गेल्या,
तो फोटो लॅमिनेट करून आलाय.
विल्मा थिबो म्हणते, कुत्री लावून झाडावर चढवायचं
नि खालून गोळी घालायची, ही शिकार?
मागून कोणीतरी:
आमच्या फ्रीजरमध्ये हिवाळाभर तेच असतं, बाई.

मग खात्याची ती पोरगेली अधिकारी, बुटांना चिखल,
पाकिटातून एक दात काढते.
सुळ्यामागचा, चिंचोक्याहून लहान.
मारलेल्या प्रत्येक अस्वलाचा एक आमच्याकडे येतो, म्हणते,
कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला
की वर्षांची वलयं दिसतात, झाडासारखी.
आणि मादी असेल तर
ज्या वर्षी पिल्लं वाढवली
ते वलय बारीक.

दात हातोहात फिरतो.
प्रूएट चष्मा कपाळावर सारून बघत राहतो,
फोटो मांडीवरून घसरतो त्याच्या.
माझ्या तळहातावर आला तेव्हा कोमट होता,
तीसेक माणसांच्या हातांनी.

"सतरा."

मी लिहून आणलं होतं: हंगाम आठवडाभर कमी करा.
आणि पाखरांच्या दाण्याचं भांडं
एप्रिलातही टांगलेलं, ती चूक माझीच.
उभी राहते. घड्याळ सुरू.
कागद हातात, पण जीभ
आपल्याच दाढांवरून फिरतेय,
अठ्ठ्याण्णव,
दोन हजार तीन.

अडीच उरली, टेबलामागून खूण होते.