खालचा ड्रॉवर

एकतीस मे. दिघोरीच्या शाळेत कूलर बंद, पंखा कुरकुरतोय.
उद्यापासून हे टेबल वाकोडीकर मॅडमचं.
मी खालचा ड्रॉवर रिकामा करतोय :
बत्तीस वर्षांची जप्ती.
तीन भोवरे, दोघांना आर नाही.
चिंचोके. अर्धी लिपस्टिक. मोबाइलचं मागचं झाकण.
आणि कोपऱ्यात, खडूच्या भुकटीत लोळलेली
तांब्याची नळी, बोटाच्या पेराएवढी,
आरपार रिकामी.

नववी ब. यामिनी टेकाम.
ताजबागेतून आणलेला काळा गंडा गळ्यात,
त्यात ही नळी, तोंडाशी मेण.
धडा रक्ताचा होता.
हे काय, मी विचारलं.
"निशूसाठी, जी. भाऊ हाय. सिकलवाला.
त्याले दोराबी दुखते, म्हणून मीच घालतो."

मी वर्गाकडे वळलो : चला, पाहू, आत औषध किती.
तिच्याच कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन
मेण उकरलं.
कागदाची सुरळी, चार आकडे, चिमूटभर राख.
साठ पोरं हसली. मीही हसलो.
सत्याच्या बाजूनं हसताना
माणसाला किती मोकळं वाटतं.

मी खोटं बोललो नव्हतो.
राखेनं पेशी गोल होत नाहीत,
हे मी आजही फळ्यावर लिहीन, मोठ्या अक्षरांत.
पण खडू माझ्या हातात होता, गुण माझ्या वहीत,
आणि ती उभी होती.
वाद म्हणायला
समोरचा माणूस बसलेला तरी लागतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्याभोवती एक फिकट रेघ,
ऊन कधी न पोचलेली.

घटक चाचणीत तिनं लिहिलं :
तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात,
बारीक वाहिन्यांत अडकतात, तिथे कळ येते.
पाचपैकी पाच. मी शाबास लिहिलं.
उत्तराखाली एक ओळ तिनं गिरवून गिरवून खोडली होती.
कागद खिडकीशी धरून पाहिला,
वाचता आली नाही.

डिसेंबरात थंडीची लाट. निशू मेडिकलला.
ती स्टाफरूमच्या दाराशी आली, आत नाही.
"सर, रातभर वरडते तो.
आई म्हणते, गंडा कुठी हाय.
आता मी काय धरू हातात?"

शनिवार होता, अर्धा दिवस.
माझ्या हातात स्कूटरची किल्ली होती.
डॉक्टरांवर विश्वास ठेव, मी म्हणालो.
बरोबर उत्तर.
वॉर्ड कितवा, ते विचारलं नाही.

दहावीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.
निशूचं काय झालं, हजेरीपटातून कळलं नाही.
हजेरीपटात भाऊ नसतात.

एकदा ताजबागेत गेलोही,
कुठेच न वाकलेला मी.
गंड्यांच्या दुकानात म्हातारा म्हणाला, "किसके वास्ते, मास्टरजी?"
मी चादरीचा भाव विचारून परत आलो.

आठ वर्षांनी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
कुणी म्हणालं, नमस्कार सर.
मी आधी गळा पाहिला, मग चेहरा.
गळा मोकळा होता.
सुटका की उणीव,
गळ्यावरून सांगता येत नाही.
तिनं नुसती ओढणी सारखी केली
आणि वांग्यांचे पैसे मोजायला लागली.

वाकोडीकर मॅडम किल्ली घ्यायला आल्यात.
वय तीस असेल. खांद्याला पिशवी : लिंबू, हळद, चुना,
बुवाबाजी उघडी पाडायचे प्रयोग.
माझ्याकडेही होती अशीच पिशवी,
बंद तुटेस्तोवर वापरली.
काहीतरी सांगायचं होतं त्यांना.
नळी खिशात टाकली, किल्ल्यांना लागून ती वाजली.

मॅडम, हा ड्रॉवर अडकतो, म्हणालो.
एकदम खेचू नका.
उघडताना
एक हात खालून असू द्या.