दोन घटका

अण्णांचं घड्याळ पंचांगावर चालतं.
डिसेंबरात सहा वाजून तीन मिनिटं,
मेमध्ये सातला पाच कमी.
त्याच्या आत ताट. नंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही.
समडोळीत आमच्या गल्लीत मावळतीला
एकदम भांडी वाजतात
आणि एकदम थांबतात.

मुजावर मॅडमचं घड्याळ गळ्यात, काळ्या दोरीला.
आठशे मीटर. दोन मिनिटं एकोणीस.
"शेवटचे दोनशे कुठं गेले गं तुझे?"
मला तरी काय ठाऊक.
पायांत वाळू भरल्यासारखं व्हायचं,
जिना चढताना कानात पंप चालायचा.

रक्त तपासलं. नऊ पॉइंट एक.
डॉक्टर म्हणाले, अंडी. मग आमची आडनावं वाचली,
खोडलं, गोळ्या लिहिल्या.
आईनं माळ्यावरची लोखंडी कढई काढली.
त्या दिवसापासून आमटी काळी,
मटकीवर अख्खं लिंबू,
हळीव भिजलेलं, मनुका भिजलेल्या,
आणि जेवणावरचा चहा बंद, सगळ्या घराचा.
धाकटा पदम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मॅडम म्हणाल्या, पळून झाल्यावर अर्ध्या तासात खायचं,
नाहीतर पळालेलं वाया.
प्रॅक्टिस सुटायची पावणेसातला.
अण्णांनी कॅलेंडर बघितलं, मॅडमकडं बघितलं,
काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी ठिबकचं दुकान पाचला बंद करून
आयर्विन पुलावरून लुना आली,
हँडलला स्टीलचा डबा.
आणि मॅडमनी माझे मोठे रिपीट आधी घेतले,
स्ट्रेचिंग मागं ढकललं. कुणी कुणाला विचारलं नाही.

कठड्यावर बसून घाईघाईनं जेवायची मी.
ज्वारीची भाकरी, दाण्याची चटणी, दोन केळी,
घामाचा हात चड्डीला पुसून.
अण्णा पश्चिमेकडं तोंड करून उभे,
पंचासारखे.
"चाव की. अजून चार मिनिटं हाईत."

मग रमजान आला.
मॅडम दिवसभर कोरड्या, शिटी तेवढी ओली.
त्याच कठड्यावर त्यांचा डबा, झाकण लावलेला.
मी शेवटचा घास गिळायची, चूळ भरायची,
अण्णा झाकण दाबायचे, खट्ट,
मिरजेच्या बाजूनं अजान यायची
आणि शेजारचं झाकण उघडायचं.
एक खजूर त्या माझ्यासमोर धरायच्या. रोज.
मी मान हलवायची. रोज.
"उद्याला ठेव," म्हणायच्या.
माझ्या किटमध्ये एकोणतीस खजूर जमले,
सकाळी सहाच्या वॉर्मअपआधी एकेक खाल्ला,
बिया अजून बाजूच्या कप्प्यात आहेत.

एप्रिलमध्ये पुण्यात राज्य स्पर्धा.
सहाची फायनल, सव्वासातला सोडली.
दिवे लागलेले, ट्रॅक निळा, पोटात दुपारचा भात.
दोन बारा. चौथी.
तिसरीचा खांदा माझ्या हाताला लागेल एवढा जवळ होता.
सगळ्या पोरी नंतर गवतावर बसून
दूध पीत होत्या, सँडविच खात होत्या.
मी बूट सोडले. सावकाश सोडले.

अण्णांनी विचारलं नाही, भूक लागली का.
लागली होती, त्यांनाही.
सकाळपासून डबा त्यांच्या मांडीवरच होता,
मी खाल्ल्याशिवाय त्यांनी उघडला नव्हता
आणि सूर्य गेला होता.

रात्री अडीचची एस.टी.
मला झोप नाही, पिंडऱ्या तुटत होत्या.
कऱ्हाडच्या पुढं काच राखाडी झाली,
मग उसाच्या तुऱ्यांवर एक पिवळी रेघ,
मग तो, अर्धा.

सूर्य उगवल्यावर दोन घटका थांबायचं असतं.
अठ्ठेचाळीस मिनिटं. लहानपणापासून
हे अण्णांनीच मला शिकवलेलं,
बोटाच्या पेरांवर मोजून.

अण्णांनी घड्याळ बघितलं.
मनगटावरची बाही खाली ओढली.
झाकण उघडलं, भाकरी मोडली,
मोठा तुकडा माझ्याकडं.

"खा," म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघत राहिले.