एप्रिल एकतीस

डिसेंबरात साखर पेठेतल्या आमच्या छापखान्यात
येणारं वर्ष दोरीवर वाळत असतं,
चिमट्यांना लटकून, शाई ओली.
टॉवेलवाल्या चिलवेरींना उगादी हवी, तेलुगूत, ठसठशीत.
हत्तरकी अण्णा म्हणतात, आधी गड्ड्याची जत्रा मोठी करा,
बाकीचे महिने काय, येतात नि जातात.
मारवाडी पेढीवर महिना पुनवेला सरतो, आमच्याकडे अवसेला,
म्हणजे पंधरा दिवस एकाच चंद्राला
दोन नावांनी हाका मारायच्या.
उर्दूचं पान दस्तगीर उजवीकडून लावतो
आणि तळाशी बारीक टाईप जुळवतो:
चाँद दिसण्यावर एक दिवस मागेपुढे.
मला ती ओळ फार आवडते.
सगळ्याच कॅलेंडरांखाली टाकावी असं वाटतं.

मी प्रुफं तपासतो. पंचवीस वर्षं झाली.
एकदा नळदुर्गहून एकजण जमिनीचा कागद घेऊन आला,
त्यावर आजूर, दै, बहमन असले महिने,
साल फसली तेराशे बेचाळीस.
"चुलत्याचा जन्म ह्या सालातला," म्हणाला,
"आता वय किती धरायचं?"
मी पाचशे नव्वद मिळवून दिले. त्यानं मान हलवली,
पण कागदाची घडी घालताना
चुलत्याला पुन्हा बेचाळीसातच ठेवलं.

रोमच्या कुण्या पोपनं म्हणे दहा दिवस गाळले होते.
चार ऑक्टोबरला निजलेली माणसं पंधराला उठली.
दस्तगीरला सांगितलं, तर मशीन न थांबवता म्हणाला,
"दहा दिवसांचा पगार कोण खाल्ला बे?"
आपल्याकडे तिसऱ्या वर्षी अख्खा महिनाच जास्तीचा.
जावई धोंडे खातो.
बिडी वळणारीला त्या महिन्यातही
हजाराचे पैसे हजाराचेच.

माझी चूक फक्त एका दिवसाची.
बिडी कारखान्याच्या दोन हजार प्रती.
एप्रिलचा तीस शुक्रवारी संपला, पुढचा चौकोन मोकळा,
हात सरावानं भरून गेला: एकतीस.
पान उलटलं की एक मे, तोही शनिवार.
कुणी तक्रार केली नाही.
मालक जूनपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

परवा बालमणी येमूल आली.
पदराला तंबाखूचा वास, काखेत सुरळी.
टेबलावर एप्रिल उलगडला, कोपऱ्यांवर
माझेच खिळ्यांचे डबे ठेवले.
तारखेतारखेवर पेन्सिलची काडी,
हजार भरले की एक काडी,
रविवारीसुद्धा.
एकतीसवर काहीच नाही.

"तुमी छापला ना हा?"
मी म्हणालो, चूक झाली, बाई.
"असू दे की. त्या दिवशी सूप मांडीवर घेतलंच नाही मी.
पोरीच्या डोक्यातल्या उवा काढल्या.
दुपारी पंखा लावून आडवी झाले.
बाहेर एक मे होता म्हणे, झेंडा नि काय काय.
माझ्या भिंतीवर नव्हता."

मग दाराकडे एकदा बघून, हळू आवाजात,
"यंदा पण टाकता का?"

मशीनचा ठोका तेवढा चालू.
नव्या एप्रिलचं प्रूफ माझ्या समोरच होतं,
तीसच्या पुढचा चौकोन कोरा.

"किती प्रती?" मी विचारलं.

"एकच," ती म्हणाली.
"जास्ती छापलं तर कारखान्याला कळतंय."